डर्बन फिल्ममार्टला पहिल्यांदा जाताना

पहिल्या वेळी मी दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला, फिल्ममार्ट नावाच्या चित्रपट-बाजारात, आमच्या माहितीपटाच्या ४० रंगीत पुस्तिका छापून नेल्या आणि ३७ परत आणल्या. गेलेल्या तिनांपैकी एक तर मीच कॉफीच्या मगाखाली ठेवून विसरलो होतो. माहितीपट नैरोबीतल्या माझ्या दिग्दर्शक मैत्रिणीचा, बजेट आणि कागदपत्रं माझ्याकडे, आणि अनुभव दोघांनाही शून्य. तेव्हा जे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, ते इथे लिहितो आहे. आफ्रिकी दिग्दर्शकाबरोबर काम करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या मराठी निर्मात्यांना, संकलकांना आणि माहितीपटवाल्यांना उपयोगी पडेल. नुसतं कुतूहल असेल तरी वाचायला हरकत नाही.

हा बाजार कसला

गोव्यात इफ्फीच्या वेळी भरणारा फिल्म बाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना फार समजवावं लागणार नाही. एनएफडीसीने, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने, तो २००७ मध्ये सुरू केला. थिएटरात चालतो तो महोत्सव, आणि हॉटेलात टेबलं मांडून, गळ्यात बिल्ले अडकवून चालतो तो बाजार. डर्बनचंही तसंच. डर्बन आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९७९ पासूनचा, म्हणजे वर्णभेदाच्या काळातला. क्वाझुलू-नाताल विद्यापीठाचं सेंटर फॉर क्रिएटिव्ह आर्ट्स तो भरवतं. डर्बन शहराच्या फिल्म ऑफिसने या महोत्सवाच्या साथीनं २०१० मध्ये फिल्ममार्ट सुरू केला. जुलैत चार दिवस असतो, महोत्सवाच्या आगेमागेच.

आफ्रिकेत हा एकच बाजार नाही. बुर्किना फासोतल्या वागादुगुला १९६९ पासून फेस्पाको महोत्सव होतो, आता विषम वर्षी. त्याच्या जोडीनं १९८३ पासून मिका नावाचा बाजार भरतो. तिथला कारभार मुख्यतः फ्रेंचमध्ये. तुमचा दिग्दर्शक सेनेगल, माली किंवा आयव्हरी कोस्टचा असेल तर आधी तिकडे पाहा. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वेवाल्यांना डर्बन सोयीचं. डर्बनलाही फ्रेंच बोलणारे येतात, म्हणून प्रकल्पाचं एक पान फ्रेंचमध्ये करून ठेवा, आणि ते यंत्राकडून नको, माणसाकडून करून घ्या.

आता मुद्द्याचं. या बाजारात सिनेमा विकायला जायचं नसतं. बहुतेक प्रकल्पांचा सिनेमा अजून झालेलाच नसतो, आणि समोर बसलेल्या माणसाच्या खिशात चेकबुक नसतं. तो एवढंच पाहत असतो की या दोघांबरोबर पुढची पाच-सहा वर्षं काढता येतील का.

पाच-सहा वर्षं हे उगाच म्हटलेलं नाही. केनियाच्या वानुरी काहियू यांचा ‘रफीकी’ २०१२ साली डर्बनच्या मार्टमध्ये आला तेव्हा त्याचं नाव ‘जांबुला ट्री’ होतं. मोनिका अराक दे न्येको यांच्या त्याच नावाच्या कथेवर तो बेतलेला आहे. (जांबुला म्हणजे आपलं जांभूळच. झाड समुद्रापार गेलं, नावही सोबत घेऊन गेलं.) सिनेमा फ्रान्सच्या कान महोत्सवाला पोहोचला २०१८ मध्ये. कानच्या अधिकृत निवडीतला तो केनियाचा पहिला सिनेमा. श्रेयनामावलीत सात देश आहेत: केनिया, दक्षिण आफ्रिका, जर्मनी, नेदरलँड्स, फ्रान्स, नॉर्वे, लेबनॉन. जेमतेम दीड तासाच्या सिनेमासाठी सात देशांतून तुकडे जमवून गोधडी शिवली गेली. डर्बनला जायचं ते गोधडीचा पहिला तुकडा शोधायला.

कोणत्या दारानं आत जायचं

दारं तीन. पहिलं प्रकल्पाचं. तुम्ही अर्ज करता, निवड होते, पिच अँड फायनान्स फोरममध्ये जागा मिळते (पिच म्हणजे पैसेवाल्यांसमोर आपला प्रकल्प थोडक्यात मांडणं) आणि आयोजक तुमच्या भेटी ठरवून देतात. दुसरं साध्या प्रतिनिधीचं. शुल्क भरायचं, बिल्ला घ्यायचा आणि भेटी स्वतः जमवायच्या. तिसरं टॅलेंट्स डर्बनचं. बर्लिनालेच्या, म्हणजे बर्लिनच्या चित्रपट महोत्सवाच्या, टॅलेंट्स कार्यक्रमाशी जोडलेली ही निवड उमेदीच्या आफ्रिकी चित्रपटकर्मींसाठी असते.

पहिल्या दाराची अट नीट वाचा. प्रकल्पाच्या मुख्य सर्जकांमध्ये आफ्रिकी नागरिक असावे लागतात. ‘आमची गोष्ट आफ्रिकेत घडते’ एवढ्यानं भागत नाही. पुण्याच्या एका मित्रानं मला विचारलं होतं, जंजिऱ्याच्या सिद्दींवर माहितीपट आहे, चालेल का? विषय अस्सल आहे. गोव्याहून मोझांबिकला गेलेल्या घराण्यांचा विषयही तसाच. पण दिग्दर्शक पुण्याचा, निर्माता पुण्याचा, आणि आफ्रिकेचा संबंध इतिहासापुरता, तर ते दार तुमच्यासाठी नाही. सहनिर्माता म्हणून आफ्रिकी दिग्दर्शकाच्या मागे उभे राहा, नाहीतर प्रतिनिधी म्हणून जा आणि माणसं पाहा. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी प्रतिनिधी म्हणूनच जावं. प्रकल्प घेऊन जाण्याआधी दुसऱ्यांची भंबेरी उडताना पाहिलेली बरी.

अर्ज मार्टच्या कितीतरी महिने आधी बंद होतात, साधारण वर्षाच्या सुरुवातीला. म्हणजे दिवाळीचा फराळ संपला की कागद काढायचे.

कागद

एका वाक्यात गोष्ट, एका पानात सारांश, दिग्दर्शकाचं टिपण, दोघांची ओळख, असेल तर दोन-तीन मिनिटांचं दृश्य. हे सगळेच सांगतात, आणि ते जमतंही. लोक अडकतात ते पैशांच्या पानावर.

बजेट म्हणजे खर्च किती. आर्थिक आराखडा म्हणजे तो पैसा येणार कुठून. अर्ध्या नवख्यांकडे दुसरं पान नसतं. आमच्याकडे होतं, पण त्यावर ‘अपेक्षित’ या शब्दाखाली सगळी रक्कम एकाच ओळीत कोंबलेली होती. ते पान पाहून एक बाई हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

ओळी तीन प्रकारच्या हव्यात: हातात आलेले, अर्ज केलेले, शोधायचे. समजा बजेट ३ लाख युरो आहे. प्रकल्पाच्या विकासासाठी मिळालेलं अनुदान १५ हजार. तुम्ही आणि दिग्दर्शकानं मानधन पुढे ढकललं, त्याचे ३० हजार. ४० हजारांचा अर्ज एका निधीकडे पडून आहे. उरले २ लाख १५ हजार. ते तसेच लिहा. मोकळी जागा दिसली म्हणून कोणी पळत नाही. खोटी भरलेली जागा मात्र पहिल्या दोन प्रश्नांत उघडी पडते.

त्या मोकळ्या जागेत कोण बसू शकतं, हे जाण्याआधी माहीत हवं. टेबलापलीकडचा बराचसा पैसा युरोपातल्या निधींचा असतो आणि प्रत्येकाची आपली रीत असते. बर्लिनालेचा वर्ल्ड सिनेमा फंड २००४ पासून आहे. त्याच्या पैशासाठी जर्मन भागीदार लागतो आणि पैसा चित्रपटकर्त्याच्या प्रदेशात खर्च करावा लागतो. फ्रान्सच्या ‘एद ओ सिनेमा द्यु मोंद’साठी फ्रेंच सहनिर्माता हवा. नॉर्वेच्या सोरफोंडसाठी नॉर्वेचा. रॉटरडॅमचा ह्युबर्ट बाल्स फंड वेगवेगळ्या टप्प्यांना मदत करतो. माहितीपट असेल तर ॲमस्टरडॅमचा इडफा बर्था फंड आहे आणि पूर्व आफ्रिकेपुरता नैरोबीचा डॉक्युबॉक्स आहे.

मेख अशी, की दोन निधींच्या अटी कधीकधी एकमेकांच्या पायात पाय घालतात. एक म्हणतो, पैसा आफ्रिकेत खर्च करा. दुसऱ्या देशाचा सहनिर्माता म्हणतो, ध्वनिमिश्रण आणि रंगसंस्करण आमच्या शहरात करा, नाहीतर आमच्याकडचं अनुदान सुटणार नाही. दोघांच्या अटी पाळता पाळता तुमच्या बजेटमधलं पोस्टचं, म्हणजे चित्रीकरणानंतरचं, काम दोन देशांत विभागलं जातं आणि संकलकाचा विमानखर्च वाढतो. हा हिशेब घरी बसून, चहा पीत, एकदा करून पाहा.

आणि एक सावधगिरी. दक्षिण आफ्रिकेत चित्रीकरण केलं की सरकार खर्चाचा काही भाग परत देतं. कागदावर योजना चांगली आहे. पण परतावे रखडले म्हणून २०२५ च्या सुरुवातीला तिथले चित्रपट व्यावसायिक केप टाउनमध्ये रस्त्यावर उतरले होते. ती रक्कम ‘हातात आलेले’ या ओळीत लिहू नका. तिथले सहनिर्मातेच तुम्हाला थांबवतील.

बाजारातल्या तुरी

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण आपण हसण्यावारी नेतो. या धंद्यात मात्र तुरी बाजारात असतानाच वाटण्या ठरवाव्या लागतात. दिग्दर्शकाचा वाटा किती, निर्मात्याचा किती, कोणत्या देशाचे हक्क कोणाला देणार नाही, पटलं नाही तर प्रकल्प कोणाकडे राहणार? दोन पानांचा साधा करार पुरे, सह्यांसकट. मैत्री आहे म्हणून आम्ही तो टाळला होता, आणि पहिल्याच भेटीत प्रश्न आला: प्रकल्पाचे हक्क कोणाकडे आहेत? आम्ही दोघांनी एकाच वेळी ‘माझ्याकडे’ म्हटलं.

कथा किंवा पुस्तक आधाराला असेल तर लेखकाची लेखी परवानगी. माहितीपट असेल तर त्यातल्या माणसांची लेखी संमती, त्यांना कळणाऱ्या भाषेत. विक्री एजंट भेटला आणि त्याला सिनेमा आवडला तर आनंद आहे. पण तो साधारण २० ते ३० टक्के कमिशन घेतो, वर प्रसिद्धीचा खर्च वेगळा कापतो. मायदेशाचे आणि शेजारच्या देशांचे हक्क आधी बाजूला काढून ठेवा. केनियातल्या शाळांत माहितीपट दाखवायचा असेल आणि त्यासाठी पॅरिसची परवानगी मागावी लागत असेल, तर कुठेतरी चुकलं आहे.

व्हिसा, लस, प्लग

भारतीय पासपोर्टवर दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा आधीच काढावा लागतो. निमंत्रणपत्र आयोजकांकडून वेळेत मागा आणि पासपोर्टमध्ये दोन कोरी पानं आहेत का ते पाहा. तुमच्या आफ्रिकी जोडीदाराचा प्रश्न वेगळा. केनियाच्या नागरिकांना जानेवारी २०२३ पासून आणि घानाच्या नागरिकांना त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. नायजेरियावाल्यांना लागतो. एकाच खंडातल्या दोन देशांत जायला आफ्रिकी माणसाला किती कागद लागतात, हे मार्टच्या जेवणाच्या टेबलावर पहिल्याच दिवशी ऐकायला मिळतं.

पीतज्वराची लस विसरू नका. दक्षिण आफ्रिकेत हा आजार नाही, पण नैरोबी किंवा आदिस अबाबाहून येणाऱ्यांना दाखला विचारतात, तिथल्या विमानतळावर १२ तासांहून जास्त काढले असले तरीही. परतताना भारतातही विचारतात. दाखला लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतो. ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच ही लस मिळते आणि तिथे नंबर लावावा लागतो.

जुलैत तिकडे हिवाळा. डर्बनचा हिवाळा म्हणजे आपल्या पुण्याचा डिसेंबर: दुपारी ऊन, संध्याकाळी समुद्राचा वारा. एक स्वेटर पुरे. तिथले प्लग जाड तीन गोल पिनांचे, आपल्या गिझर-फ्रीजच्या प्लगसारखे. तेव्हा ॲडॉप्टरवर पैसे घालवण्यापेक्षा घरातली १५ अँपियरची पिन लावलेली एक्स्टेंशन बॅगेत टाका. आमच्या टेबलाभोवती सगळ्यात जास्त माणसं जमली ती त्या एक्स्टेंशनमुळे. पिचमुळे नव्हे.

किंग शाका विमानतळ शहरापासून सुमारे ३५ किलोमीटर उत्तरेला आहे. मार्ट अनेक वर्षं समुद्रकिनाऱ्यावरच्या एलांगेनी हॉटेलात भरत आला. शेजारच्या जोडइमारतीचं नाव महाराणी. राहण्याची जागा घेण्याआधी त्या वर्षी मार्ट कुठे आहे ते पाहून घ्या आणि चालत जाता येईल असंच काहीतरी शोधा. अंधार पडला की पायी नको, ॲपवरची गाडी बोलवा. तिथले लोकही तेच करतात.

कांदेपोहे

ठरलेल्या भेटी वीस-तीस मिनिटांच्या असतात. मराठी माणसाला त्यांची तयारी वेगळी करावी लागत नाही, हे सरळ कांदेपोहे आहेत. दोन्हीकडचे आधीच माहिती काढून आलेले, दोन्हीकडचे थोडे अवघडलेले, आणि ‘कळवतो’ या शब्दाचा अर्थ दोघांनाही ठाऊक.

तीन मिनिटांत गोष्ट सांगा आणि थांबा. उरलेला वेळ त्यांच्या प्रश्नांचा. तुमच्याकडूनही एक प्रश्न हवाच: तुम्ही प्रकल्पात कोणत्या टप्प्यावर येता? लेखनाला, चित्रीकरणाला की पोस्टला? आम्ही हे न विचारता एका गृहस्थांना वीस मिनिटं पटकथा समजावली. शेवटी ते शांतपणे म्हणाले, मी फक्त पहिला कट, म्हणजे संकलनाचा पहिला खर्डा, झालेल्या सिनेमांनाच पैसे देतो. चूक त्यांची नव्हती. कॅटलॉगमध्ये त्यांच्या नावाखाली तसं छापलेलं होतं.

थोडा शब्दार्थही सांगतो. ‘फार ताकदीचा विषय आहे’ म्हणजे काहीच नाही. ‘पुढचा मसुदा झाला की पाठवा’ म्हणजे बहुधा नाही. ‘बजेट कमी वाटतंय’ म्हणजे ऐकत होते. ‘तुमच्या देशात हे दाखवता येईल का?’ म्हणजे खरा रस आहे. रफीकीवर केनियात बंदी आली होती, तेव्हा हा प्रश्न नुसता औपचारिक नसतो. ‘अमक्याला भेटलात का?’ हे सगळ्यात मौल्यवान. लगेच नाव लिहून घ्या आणि सांगणाऱ्याच्या नावानं त्या अमक्याला गाठा.

सुरुवात कामाच्या बोलण्यानं करू नका. तिथे आधी नमस्कार-चमत्कार होतात, मग काम. झुलूत ‘सावुबोना’ म्हटलं, समोरचा बरा आहे का ते विचारलं, उत्तर ऐकलं, मग फाइल उघडली. मुंबईकराला हे जड जातं. ‘आफ्रिकेत असं असतं ना’ हे वाक्य तर तोंडातून निघूच देऊ नका. तिथे ५४ देश आहेत आणि तुमच्यासमोरचा माणूस त्यातल्या एकातला आहे.

आणखी एक, खास आपल्यासाठी. डर्बनमध्ये भारतीय वंशाची वस्ती मोठी आहे. १८६० मध्ये मद्रासहून पहिलं जहाज ऊसमळ्यांसाठी मजूर घेऊन आलं तेव्हापासूनची. तमिळ, तेलुगू, भोजपुरी मुळं जास्त, मराठी विरळा. अशा कोणाची ओळख झाली की आपण पहिल्याच वाक्यात ‘मूळचे कुठले?’ विचारतो. पाचव्या पिढीचा दक्षिण आफ्रिकी माणूस त्यावर ‘डर्बनचा’ म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. त्याऐवजी चांगला बनी चाऊ कुठे मिळतो ते विचारा. पाव पोखरून त्यात रस्सा भरतात, तो पदार्थ. क्वार्टर म्हणजे लादीचा चौथा हिस्सा, मटणाचा घ्या, हातानं खा. पिचच्या आधी खाऊ नका, शर्टाची खात्री देता येत नाही.

चर्चासत्रं दिवसभर चालतात. सगळ्यांना बसाल तर भेटी हुकतील. दिवसाला दोन निवडा, एक पैशांवरचं आणि एक तुम्हाला काहीच कळत नाही अशा विषयावरचं. दुसऱ्यांची सार्वजनिक पिचं मात्र चुकवू नका. कोणत्या प्रश्नाला कोण अडखळतो, हे मागच्या रांगेत बसून फुकट शिकता येतं. संध्याकाळच्या पार्टीत प्रकल्पाची रेकॉर्ड लावू नका, ओळखी करा.

परत आल्यावर

रोज रात्री झोपण्याआधी प्रत्येक भेटीच्या दोन ओळी लिहा: काय बोलले, काय मागितलं, कोणत्या टप्प्यावर येतात. तिसऱ्या दिवशी सगळे चेहरे एकमेकांत मिसळतात. घरी आल्यावर आठवड्याच्या आत मेल लिहा, छोटा, आणि त्या माणसानं काढलेल्या एखाद्या मुद्द्याचा त्यात उल्लेख असू द्या. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवलेला लगेच ओळखू येतो. मागितलेलीच कागदपत्रं जोडा. पुस्तिका छापायच्या असतील तर पाच छापा.

मग गप्प बसा. सांगण्यासारखं काही घडलं, निधी मिळाला, चित्रीकरण संपलं, की पुन्हा दोन ओळी. नुसतं ‘आमची आठवण आहे ना’ म्हणून लिहू नका.

आमच्या वहीत त्या पोस्टवाल्या गृहस्थांच्या नावापुढे मैत्रिणीनं चिडून लिहिलं होतं: ‘फक्त पहिल्या कटनंतर. २० मिनिटं वाया.’ पावणेदोन वर्षांनी पहिला कट झाला तेव्हा वही चाळताना ती ओळ सापडली. त्यांना मेल केला, त्या वीस मिनिटांची माफी मागून. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. पटकथा त्यांना आठवत होती, शेवट बदलला का, असं विचारलं होतं, आणि खाली लिहिलं होतं: लिंक पाठवा.